ताईंचं नाव कुणाकुणाला कळेल?

पत्र

सप्रेम जय भीम.

आम्ही बे एरियातली वीस-पंचवीस कुटुंबं मिळून सहा वर्षांपासून एक लहानशी संस्था चालवतो. एप्रिलमध्ये जयंती, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, आणि महाराष्ट्रातून इकडे एमएसला येणाऱ्या, घरात पहिल्यांदाच इतकं शिकणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीच्या महिन्यांत थोडी मदत. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतली करमुक्त धर्मादाय संस्था आहे. मी खजिनदार, पण पेशानं अकाउंटंट नाही. घरचा हिशेब नीट ठेवतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

मागच्या दोन वर्षांत आमच्याकडे २८ हजार आणि ३१ हजार डॉलर जमा झाले. यंदा एका ताईंनी एकदम १५ हजार द्यायचं कबूल केलंय, इतरांनीही हात सैल सोडलाय, त्यामुळे आकडा ८८ हजारांपर्यंत जाईल. ताई मोठ्या कंपनीत आहेत. आडनावावरून काही कळत नाही आणि ऑफिसात त्यांनी आपली जात कधी सांगितलेली नाही. टीममध्ये आपल्याकडचे बरेच जण आहेत. त्यांची एकच अट आहे, नाव कुठेही जाता कामा नये.

समितीत यावरून चांगलीच जुंपली. एक जण म्हणतो, रोखीत घेऊ, पावती फाडायलाच नको. दुसरे म्हणतात, कॅलिफोर्निया सरकार देणगीदारांची यादी मागतं आणि ती एकदा वेबसाइटवर फुटलीही होती, तेव्हा एवढी मोठी देणगी नकोच. तिसऱ्या बाई म्हणतात, निवडणूक रोख्यांवर आपणच टीका केली, आता आपणच नावं लपवायची? इकडे ताई विचारताहेत, कंपनीचं मॅचिंग (आपण देऊ तेवढेच कंपनीही घालते) घेतलं तर १५चे ३० होतील, घेऊ का? त्यांना गावाकडच्या शाळेलाही काही द्यायचं आहे.

कुठून सुरुवात करू?

– एक खजिनदार, कॅलिफोर्निया

उत्तर

जय भीम.

तुमच्या समितीतले पहिले दोघे नाव फुटायची भीती सरकारकडे बोट दाखवून घालताहेत. सरकारी दप्तरात ताईंचं नाव बऱ्यापैकी सुरक्षित असतं, आणि तुमच्या आकड्यांकडे बघता यंदा ते तिथे पोचायचंही नाही. फुटलंच तर ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जयंतीच्या स्मरणिकेत किंवा ताईंच्याच कंपनीच्या पोर्टलवर फुटेल. कायद्याचं आधी सांगते, मग घरातल्या गळतीकडे येते.

रोखीचा विचार मात्र आजच सोडून द्या. १० हजार डॉलरच्या वर रोकड खात्यात भरली की बँक त्याची खबर सरकारला देते, आणि ती चुकवायला तुकडे करून भरलीत तर तो स्वतंत्र फेडरल गुन्हा होतो. ताईंना करात वजावट हवी असेल तर २५० डॉलर आणि त्यावरच्या प्रत्येक देणगीला संस्थेचं लेखी पत्र लागतं. म्हणजे पावती न फाडल्यानं ताईंचं नुकसान, आणि नाव लपवण्यासाठी वह्यांमध्ये खोटी नोंद केलीत तर संस्थेचं. देणगी चेकनं आली काय नि रोखीनं आली काय, सांगायचा नियम दोन्हीला एकच. ज्यानं हे सुचवलं त्याचा हेतू वाईट नसेल, पण ५०१(सी)(३) दर्जा असल्या चलाखीत घालवायचा नसतो.

आता नियम काय ते बघू. करमुक्त संस्था आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला, दरवर्षी फॉर्म ९९० भरून देतात. तुमच्या आकाराच्या संस्थेला त्याची छोटी आवृत्ती, ९९०-ईझी, चालते. ती २ लाख डॉलरच्या आतल्या जमेला आणि ५ लाखांच्या आतल्या मालमत्तेला आहे. ९९० असो वा ९९०-ईझी, कुणी वर्षभरात ५ हजार किंवा त्याहून जास्त दिले असतील तर शेड्यूल बी नावाचं परिशिष्ट जोडावं लागतं, आणि त्यांची नावं-पत्ते जातात ते त्यातच. ताईंचे १५ हजार या रेषेच्या बरेच वर आहेत.

पण ज्या संस्थेची जमा साधारणपणे ५० हजारांच्या आत असते तिला फक्त ९९०-एन भरायचं असतं. ऑनलाइन पोस्टकार्डच म्हणा, चार-पाच मिनिटांचं काम. त्यात देणगीदार नाहीत, शेड्यूल बी नाही. आणि तीन वर्षं जुन्या संस्थेसाठी ‘साधारणपणे’चा हिशेब चालू वर्ष धरून तीन वर्षांच्या सरासरीवर होतो. तुमचे २८, ३१ आणि ८८ मिळून १४७ हजार होतात, सरासरी ४९ हजार. यंदाचा आकडा ५० हजारांवर गेला म्हणून तुम्ही आपोआप ९९०-ईझीत जात नाही. एकच काळजी घ्या. ही जमा खर्च वजा करण्याआधीची धरायची असते, आणि तिच्यात जयंतीच्या जेवणाची कुपनं, पुस्तकविक्री, सगळं येतं. सरासरीत हजार डॉलरचा काठ आहे तुमचा, म्हणजे तीन वर्षांच्या बेरजेत तीन हजारांचा. तीन हजारांहून जास्तीच्या कुपनांचा हिशेब कुणाच्या खिशात राहिला असेल तर निकाल उलटा लागेल. तेव्हा सीपीएला (परवानाधारक अकाउंटंटला) ८८ हजार हा आकडा कसा आला ते वह्यांसकट दाखवा.

पुढच्या वर्षी ३१ हजारांच्या वर जमा झाली तर सरासरी ५० हजार ओलांडेल. तेव्हा ९९०-ईझी येईल आणि कुणी ५ हजार किंवा जास्त दिले तर शेड्यूल बीही, म्हणून ते कुठे जातं तेही समजून घ्या. आयआरएसकडे जातं. तुमचं ९९० तीन वर्षांपर्यंत कुणीही मागू शकतं आणि तुम्हाला ते दाखवावंच लागतं, पण ५०१(सी)(३) संस्थेला देणगीदारांची नावं आणि पत्ते त्यातून गाळण्याची कायद्यानं मुभा आहे. याला अपवाद खासगी फाउंडेशनचा. त्यांच्या ९९०-पीएफमधली देणगीदारांची नावं उघडी असतात. तेव्हा कुणी पैसेवाला मित्र ताईंना “स्वतःचं फाउंडेशन काढा, नाव झाकलं जाईल,” असं सांगत असेल तर तो त्यांना बरोबर उलट्या दिशेला पाठवतोय.

आयआरएसकडून नाव फुटलं तर? फुटलेलं आहे एकदा. २०११ मध्ये समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज या संस्थेचं शेड्यूल बी आयआरएसमधल्या एका कारकुनानं नावं न झाकता बाहेर पाठवलं. पुढच्या वर्षी ते समलिंगींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ह्यूमन राइट्स कॅम्पेननं प्रसिद्ध केलं. खटला झाला, आणि २०१४ मध्ये सरकारनं ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. कायदा यात कडक आहे. कर्मचाऱ्यानं जाणूनबुजून माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि निष्काळजीपणानं गेली तरी भरपाईचा दावा करता येतो. पण गेलेलं नाव भरपाईनं परत येत नाही हेही ताईंना सांगा. धोका लहान आहे, शून्य नाही.

दुसऱ्या सभासदांनी ऐकलेली कॅलिफोर्नियाची गोष्ट खरी आहे, फक्त ती जुनी झाली. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल इथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थांकडून शेड्यूल बीची प्रत मागत असत. दरवर्षी सुमारे ६० हजार संस्था नोंदणीचं नूतनीकरण करतात, म्हणजे किती नावांचा ढीग होत असेल बघा. आम्ही ते गुप्त ठेवतो, असं राज्य म्हणायचं. प्रत्यक्षात जवळजवळ २ हजार शेड्यूल बी राज्याच्या वेबसाइटवर चुकून उघडी पडलेली सापडली, त्यातली काही डझन तर खटल्याच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी. वेबपत्त्यातला एक आकडा बदलला की लाखो गोपनीय कागद उघडत होते, हेही कोर्टापुढे आलं. १ जुलै २०२१ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी फाउंडेशन विरुद्ध बोंटा या निकालात ही सरसकट मागणी ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केली. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचा मुद्दा असा की फसवणूक शोधणं हे काम महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी दरवर्षी सगळ्यांची यादी गोळा करून ठेवायचं कारण नाही. हा ढीग तपासात राज्याच्या फारसा कामीही येत नव्हता. आता राज्याच्या नोंदणीसाठी ही नावं द्यावी लागत नाहीत. फक्त तुम्ही स्वतःच सवयीनं ९९०च्या पूर्ण पीडीएफमध्ये ती जोडून पाठवू नका. आणि हा निकाल म्हणजे अभेद्य कवच नव्हे. उद्या एखाद्या विशिष्ट संस्थेची चौकशी लागली तर तिच्याकडून समन्स काढून माहिती मागता येते. राज्याच्या करखात्याचा, म्हणजे फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचा, फॉर्म वेगळा असतो, तो सीपीएला बरोबर घेऊन ओळीओळीनं वाचा.

या खटल्यातली मुख्य वादी संस्था उद्योगपती कोक बंधूंच्या गोटातली होती, उजवी आणि गडगंज. श्रीमंतांचा राजकीय पैसा याच छत्रीखाली उभा राहतो हे मला आवडत नाही. न्या. सोटोमेयर यांनी विरोधी मतात हाच काटा टोचला होता: ज्या संस्थांच्या देणगीदारांना काही त्रास झाल्याचा पुरावाच नाही त्यांनाही हे संरक्षण का? तरीही त्या खटल्यात नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू, कृष्णवर्णीयांचे खटले चालवणारा एनएएसीपी लीगल डिफेन्स फंड, आणि वर उल्लेख आलेली तीच ह्यूमन राइट्स कॅम्पेन, हे सगळे देणगीदारांच्या खासगीपणाच्या बाजूनं उभे राहिले. त्याचं मूळ १९५८ मध्ये आहे, आणि ते तुमच्या समितीनं माहीत करून घ्यावं असं मला फार वाटतं.

१९५६ चा अलाबामा. मॉन्टगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालू होता. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन पॅटरसन यांनी एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या संस्थेला राज्यातून हाकलण्यासाठी खटला भरला आणि त्यात तिच्या अलाबामातल्या सभासदांची नावं-पत्ते मागितले. संस्थेनं बाकीचे कागद दिले, यादी दिली नाही. कोर्टाचा अवमान म्हणून आधी १० हजार डॉलर दंड झाला आणि मग तो १ लाख केला गेला. तरीही दिली नाही, कारण याआधी ज्या सभासदांची नावं बाहेर आली होती त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना मारायच्या धमक्या आल्या होत्या. ३० जून १९५८ ला सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की माणसांना एकत्र येण्याचा हक्क आहे, आणि अशा परिस्थितीत नावं उघड करायची सक्ती केली तर तो हक्कच मारला जातो. निकाल न्या. हार्लन यांनी लिहिला. त्यानंतरही अलाबामानं इतकी खळखळ केली की संस्थेला तिथे पुन्हा काम सुरू करायला १९६४ उजाडलं. या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं होतं, संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं होतं. जयंतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं रिकामी असतील तर हे सांगा मुलांना.

म्हणून ताईंची अट मला अवास्तव वाटत नाही. २०२३ मध्ये सिअ‍ॅटलनं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तशाच बंदीचं एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केलं, आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याचे कायदे पुरेसे आहेत असं म्हणत, ते अडवलं. कायदे पुरेसे आहेत की नाहीत यावर भांडायला वेगळी जागा लागेल. पण ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर “तुमचं मूळ गाव कुठलं, म्हणजे नक्की कुठल्या बाजूचे?” असं कुणी विचारलं की त्याला काय विचारायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा ठिकाणी तुमच्या संस्थेच्या देणगीदारांची यादी म्हणजे कुणाची जात काय याचीच यादी.

तिसऱ्या बाईंना मात्र टोलवून लावू नका, त्यांचा प्रश्न चांगला आहे. १५ फेब्रुवारी २०२४ ला भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले, कारण राजकीय पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळायला हवं. पक्ष उद्या सत्तेवर येतो, कंत्राटं देतो, कायदे करतो. इथेही निवडणुकीच्या पैशाचा कायदा निराळा आहे. फेडरल निवडणुकीतल्या उमेदवाराला एका निवडणूक चक्रात २०० डॉलरच्या वर देणाऱ्यांची नावं जाहीर होतात आणि ती व्हायलाच हवीत. तुमची संस्था एखाद्या मुलीचं सुरुवातीचं घरभाडं भरते. ताईंना त्याबदल्यात काय मिळणार, पुरणपोळी? गंमत अशी की राजकारणाच्या जवळ जाणाऱ्या ५०१(सी)(४) संस्थांना २०२० च्या नियमापासून ही नावं आयआरएसलाही कळवावी लागत नाहीत आणि तुमच्यासारख्यांना लागतात. हा उलटा न्याय आहे असं मला वाटतं, पण तो आज आहे तसा आहे.

त्या बाईंना देता येण्यासारखं एक उत्तर तुमच्या हातात आहे. पैसा किती आला, कुठे गेला, किती मुलांना काय दिलं, हे सगळं दरवर्षी सभासदांसमोर ठेवा, कायदा मागतो त्याहून जास्त ठेवा. ९९०-एनमध्ये हिशेब दिसत नाही, म्हणून स्वतःचा दोन पानी ताळेबंद काढा. समितीतल्या कुणाच्या भाच्याला शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तेही लिहा. मग कुणी देणगीदाराचं नाव विचारलं तर नाही म्हणायला तुम्हाला बळ येईल.

आता घरातली गळती. आपल्या लोकांना नाव लावायची भारी हौस. देवळाची फरशी बघा, शाळेचा पंखा बघा, स्मशानातला बाकसुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ असतो. तुमच्या स्मरणिकेत ‘आमचे आधारस्तंभ’ असं पान असणारच. ते पान पीडीएफ होऊन कायमचं गूगलवर राहतं. यापुढे त्यात नाव छापायचं असेल तर आधी लेखी होकार घ्या, ५१ डॉलरवाल्याचाही. न विचारता छापायचं आणि कुणी तक्रार केली तर काढायचं, ही पद्धत बंद.

मग बँकेचं खातं. झेलनं (बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीनं) पैसे आले की पाठवणाऱ्याचं नाव आणि रक्कम खात्याशी जोडलेल्या प्रत्येक फोनवर चमकते. तुमच्या खात्याचे अलर्ट किती जणांना जातात? जुन्या खजिनदाराचा नंबर अजून आत असेल. आधी ते साफ करा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये देणगीदारांची यादी बघायची परवानगी तुम्ही आणि सीपीए यांच्यापुरती ठेवा. समितीच्या इतिवृत्तात “एका देणगीदाराकडून” एवढंच लिहा. देणगीचं पत्र ताईंच्या खासगी ईमेलवर पाठवा, ऑफिसच्या नको, आणि सीसीत कुणी नको.

एक अडचण आहे, ती दडवू नका. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं तुमच्यासारख्या संस्थेच्या प्रत्येक संचालकाला सगळ्या वह्या आणि कागदपत्रं तपासायचा हक्क आहे. उद्या समितीतल्या एखाद्यानं हट्ट धरला तर तुम्ही त्याला यादी नाकारू शकत नाही. म्हणून बैठकीत साधा ठराव करा की देणगीदारांची नावं खजिनदार आणि सीपीए यांच्याकडे राहतील, कुणा संचालकाला कामासाठी ती बघावी लागली तर तो ती बाहेर सांगणार नाही, आणि यावर सगळ्यांच्या सह्या. ताईंनाही हे आधीच सांगा.

पुढच्या वर्षी ९९०-ईझी भरावं लागलं तर सीपीएकडून दोन प्रती मागा: एक आयआरएसची, एक लोकांना दाखवायची. या दुसऱ्या प्रतीला अकाउंटंट पब्लिक डिस्क्लोजर कॉपी म्हणतात. वेबसाइटवर किंवा अनुदान देणाऱ्यांकडे जाईल ती हीच. नावावर वर्डमध्ये काळी पट्टी ओढून पीडीएफ केलीत तर पट्टीखालचं नाव कॉपी-पेस्ट करून वाचता येतं, तेव्हा ते पान मुळातूनच नावाशिवाय काढायला सांगा. आणि नाव-पत्ता गाळता येतो, पण रक्कम सहसा गाळता येत नाही. देणगीदार कोण ते रकमेवरूनच उघड होत असेल तरच तीही झाकता येते. बे एरियातल्या तुमच्या पंचवीस घरांत “यंदा कुणीतरी १५ हजार दिलेत” एवढं कळलं की अर्ध्या तासात अंदाज बांधले जातील. रकमेबद्दलही कार्यक्रमात मौन पाळा.

राहिलं मॅचिंग. इथे ताईंना दोनांपैकी एकच मिळेल. मॅचिंगसाठी त्यांना कंपनीच्या पोर्टलवर तुमच्या संस्थेचं नाव निवडावं लागतं. त्या पोर्टलवर “माझं नाव संस्थेला कळवू नका” अशी खूण करता येते, आणि लोक तीच बघून निर्धास्त होतात. ती खूण नाव तुमच्यापासून लपवते. ताईंना लपवायचंय ते कंपनीपासून! दुसरं असं की मॅचिंगचे १५ हजार धरले तर तुमची यंदाची जमा १०३ हजार होते, तीन वर्षांची बेरीज १६२ आणि सरासरी ५४. म्हणजे ९९०-एन गेलं, ९९०-ईझी आलं, आणि शेड्यूल बीवर ताईंचं नाव कंपनीच्या नावाशेजारी जाऊन बसलं. हे दोन्ही त्यांच्यासमोर आकड्यांनिशी ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या. तुमच्या खजिन्यात १५ हजार जास्त येणार म्हणून गोड बोलून पोर्टलकडे वळवू नका.

मी त्यांच्या जागी असते तर डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड घेतला असता. फिडेलिटी चॅरिटेबलसारख्या संस्थांकडे हे खातं उघडता येतं. पैसे त्यात टाकले की वजावट त्याच वर्षी मिळते, आणि नंतर अमुक संस्थेला इतके द्या असं सुचवताना नाव न कळवण्याचा पर्याय निवडता येतो. तुमच्याकडे येणारा चेक फंडाच्या नावाचा असतो, वह्यांत देणगीदार म्हणून फंड लागतो, आणि पुढे शेड्यूल बी भरायची वेळ आली तरी तिथे फंडाचंच नाव जातं. करासाठीची पावती त्यांना फंड देतो, तुम्ही द्यायची नसते. या पैशातून कार्यक्रमाची तिकिटं किंवा जेवणाची कुपनं मात्र घेता येत नाहीत, ती ताईंनी वेगळी विकत घ्यावीत. फंडानं दिलेल्या देणगीला बऱ्याच कंपन्या मॅचिंग देत नाहीत, म्हणून मघाशी म्हटलं की दोनांपैकी एकच.

गावाकडच्या शाळेचं गणित निराळं. ताईंकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि त्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असतील तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगीच, आणि मग शाळेच्या ट्रस्टकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. ट्रस्टकडे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता (जिला लोक ८०जी म्हणतात) असेल तर तो देणगीदारांची नावं आणि ओळख क्रमांक ठरलेल्या फॉर्ममध्ये आयकर खात्याला दरवर्षी कळवतो. ही यादी खात्याकडे जाते, जाहीर होत नाही. निनावी पैसे दिले तर मात्र शाळेचं नुकसान. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या निनावी रकमेवर ट्रस्टला ३० टक्के कर बसतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टला यातून सूट आहे, म्हणून गुप्तदान देवळाच्या पेटीत चालतं आणि शाळेच्या ऑफिसात चालत नाही. ताईंनी तिथे नाव द्यावं आणि भिंतीवर पाटी लावू नका, असं मुख्याध्यापकांना पत्रात बजावावं. गावात पाटी लागली की तिचा फोटो संध्याकाळपर्यंत सॅन होजेत पोचतो.

चेक घेण्याआधी ताईंना एक ईमेल लिहा. त्यात कुणाकुणाला नाव कळणार ते सरळ मांडा: तुम्ही, सीपीए, बँक, मागितलं तर संचालक, पुढच्या वर्षांत वेळ आली तर आयआरएस, आणि कोर्टानं मागितलं तर कोर्ट. फंडातून दिले तर यातले जवळजवळ सगळे गळतात. त्यांचं उत्तर आल्यावरच ठरावाची बैठक बोलवा. तुमचं आर्थिक वर्ष डिसेंबरला संपत असेल तर ९९०-एनची मुदत १५ मे आहे, आणि सलग तीन वर्षं ते भरायचं राहिलं तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. आधीच्या दोन वर्षांचं भरलंय ना, तेवढं आज रात्रीच बघून घ्या.